चंब्याचे गबरसिंह आणि फ्रान्समधील खंदक

मसुरी आणि ऋषिकेशहून टिहरीकडे जाणारे रस्ते उत्तराखंडातील चंबा या छोट्याशा डोंगरी शहरात एकत्र येतात. हिमाचल प्रदेशातील प्रसिद्ध चंबा ते हे नव्हे. या शहराची ओळख आहे ती रायफलमन गबरसिंह नेगी यांच्या स्मारकामुळे. पहिल्या महायुद्धात, वयाची वीस वर्षेही पूर्ण झालेली नसताना, त्यांना फ्रान्समधील खंदकात वीरमरण आले.

चंब्याजवळील मंज्यूड गावी २१ एप्रिल १८९५ रोजी गबरसिंहांचा जन्म झाला. टिहरी तेव्हा संस्थान होते. डोंगरउतारावरील तुटपुंज्या शेतीवर भागत नसल्याने घरटी एखादा तरुण फौजेची वाट धरी. गबरसिंहही १९१३ मध्ये ३९ व्या गढवाल रायफल्समध्ये भरती झाले. वर्षभरातच महायुद्ध पेटले आणि त्यांची पलटण फ्रान्सला रवाना झाली.

१० मार्च १९१५ रोजी न्यू शापेल या गावाभोवतीच्या जर्मन फळीवर हल्ला चढविण्यात आला. सुमारे ३५ मिनिटांच्या तोफमाऱ्यानंतर पायदळ पुढे सरसावले. संगिनी आणि हातबॉम्ब घेतलेल्या एका तुकडीत गबरसिंह होते. खंदक सरळ रेषेत खोदत नसत. एका टोकाकडून झालेला गोळीबार संपूर्ण खंदकभर पोहोचू नये, म्हणून त्यात ठरावीक अंतरावर वळणे ठेवलेली असत. त्यामुळे आत शिरणाऱ्याला पुढच्या वळणापलीकडे कोण दबा धरून बसले आहे, हे कळत नसे. वळण प्रथम ओलांडणारा सैनिक जणू मृत्यूलाच सामोरा जाई. त्या दिवशी प्रत्येक वळणावर सर्वांत पुढे गबरसिंह होते. त्यांनी शत्रूला मागे रेटत नेले आणि अखेर त्याला शरण येणे भाग पाडले. याच चकमकीत ते धारातीर्थी पडले.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. हे सर्वोच्च शौर्यपदक भारतीय सैनिकांना मिळण्याचा मार्ग १९११ मध्येच खुला झाला होता. त्यांच्या पत्नी सतूरीदेवी यांनी ते पदक अखेरपर्यंत अभिमानाने मिरविले.

गबरसिंहांचे दफन वा दहनस्थळ ज्ञात नाही. न्यू शापेल येथे १९२७ मध्ये उभारलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मारकावर, साडेचार हजारांहून अधिक नावांत त्यांचे नाव कोरलेले आहे. चंब्यात मात्र त्यांच्या जन्मदिनाच्या सुमारास दरवर्षी एप्रिलमध्ये मेळा भरतो. गढवाल रायफल्सचे जवान येऊन मानवंदना देतात आणि डोंगरातील गावांमधून आलेली माणसे आपल्या मुलाला आठवावे तसे या सैनिकाला आठवतात.