लोकनायक बापूजी अणे

माधव श्रीहरी अणे ह्यांचा जन्म आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील वणी ह्या गावी ता. २९ ऑगस्ट १८८० रोजी झाला. लोक त्यांस बापूजी म्हणत. पुढे लोकनायक म्हणू लागले. नागपुरास मॉरिस कॉलेजात शिक्षण, काही काळ अमरावतीस शिक्षकाचे काम, व मग यवतमाळास वकिली, असा त्यांचा आरंभीचा क्रम होता. सन १९२४ पासून वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बसू लागले.

सन १९३० साली महात्मा गांधींनी दांडीच्या किनाऱ्यावर मिठाचा कायदा मोडला. वऱ्हाडास समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात दहीहंडा येथे खाऱ्या विहिरीच्या पाण्याचे मीठ केले गेले खरे. परंतु आमच्या शेतकऱ्यास मिठापेक्षा जंगलखात्याचा जाच अधिक जवळचा. गुरांस गवत हवे, आणि रान तर सरकारने राखलेले. परवान्यावाचून विळा लावावा तर दंड. हे बापूजींनी ओळखले. ता. १० जुलै रोजी पुसदजवळील राखीव जंगलात अनुयायांसह जाऊन त्यांनी गवत कापले. पन्नाशीस आलेला वकील, आणि हाती विळा! कायदा जाणणाऱ्याने तो उघडपणे मोडला, व त्याबद्दल कैदही भोगली. मग मध्यप्रांत-वऱ्हाडात ठिकठिकाणी असेच जंगल सत्याग्रह झाले.

स्वपक्षाशीही त्यांचे सदा जुळले असे नाही. जातवार निवाड्याविषयी काँग्रेसने होय अथवा नाही काहीच म्हणू नये, हे त्यांस पटेना. म्हणून सन १९३४ साली पंडित मालवीयांबरोबर त्यांनी निराळा पक्ष काढला. सन १९४१ साली तर काँग्रेसचे धोरण विरुद्ध असता ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. ह्याबद्दल त्यांस दोष देणारे पुष्कळ निघाले, आणि तो दोष अगदीच निराधार होता असे आम्हांस म्हणवत नाही. परंतु पुढे काय झाले तेही पाहावे. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी पुण्यास कैदेत असता २१ दिवसांचे उपोषण आरंभिले, व सरकार त्यांस मोकळे करीना. तेव्हा बापूजींनी सर होमी मोदी व नलिनीरंजन सरकार ह्यांजबरोबर त्या मोठ्या पदाचा राजीनामा दिला.

त्याच वर्षी ते हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होऊन लंकेस गेले. सन १९४८ पासून १९५२ पर्यंत ते बिहारचे राज्यपाल होते. वेगळ्या विदर्भाचा पक्ष घेऊन सन १९६२ साली, वयाच्या ८२व्या वर्षी, ते नागपुरातून लोकसभेवर निवडून आले. लोकमान्य टिळकांचे संस्कृत पद्यमय चरित्र त्यांनी उतारवयात रचिले. ता. २६ जानेवारी १९६८ रोजी ते वारले. त्या ग्रंथास साहित्य अकादमीचे पारितोषिक त्यांच्या मागे, सन १९७३ साली मिळाले.