आनंदीबाई जोशी परदेशी निघाल्या

आमच्या गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी थोर माणसांची माहिती लिहून आणायला सांगितली. कोणी शिवाजी महाराजांवर लिहिले, कोणी सावित्रीबाईंवर लिहिले. मी डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्यावर लिहायचे ठरवले. त्याला कारण आहे. आमच्या घरी सध्या बांधाबांध चालू आहे. माय आणि बाबा ऊस तोडायला कारखान्यावर जाणार आहेत. गुरुजींनी वर्गात आनंदीबाई अमेरिकेला कशा गेल्या ते सांगितले, तेव्हा मला सारखे आमचे गाठोडेच आठवत होते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेर कल्याणचे. माहेरचे नाव यमुना. त्या नऊ वर्षांच्या असताना त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. म्हणजे माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान! लग्नानंतर यमुनाची आनंदी झाली. गोपाळराव पोस्टात कारकून होते आणि वयाने खूप मोठे होते. बायकोने शिकलेच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. त्या काळी मुलींनी पुस्तक हातात धरले तरी लोक हसायचे. गोपाळराव कोणाला भ्यायचे नाहीत. पण अभ्यास नाही केला तर ते आनंदीबाईंना मारायचे सुद्धा. हे मला आवडले नाही. शिकवणे चांगले, पण मारून शिकवू नये असे मला वाटते.

पोस्टातल्या नोकरीत सारख्या बदल्या व्हायच्या. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशी त्यांची बिऱ्हाडे झाली. प्रत्येक वेळी भांडी बांधायची आणि नव्या गावी सोडायची. म्हणून सामान बांधायची आनंदीबाईंना लहानपणापासून सवय झाली असणार.

त्या चौदा वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला. पण नीट औषधपाणी मिळाले नाही आणि ते बाळ दहा दिवसांतच वारले. त्या काळी बाया पुरुष डॉक्टरांना दाखवायला लाजायच्या. दुखणे अंगावर काढायच्या आणि तशाच मरून जायच्या. बाई डॉक्टर तर सहजासहजी मिळायचीच नाही. तेव्हा आनंदीबाईंनी मनात धरले की आपण डॉक्टर व्हायचे. माझी आजी म्हणते की तिच्या लहानपणी सुद्धा आमच्याकडं असंच होतं, बाळंतपणं घरीच व्हायची.

मुलींना डॉक्टरकीचे शिक्षण अमेरिकेत मिळते असे समजले. गोपाळरावांनी १८८० साली तिकडच्या एका पाद्रीबाबांना पत्र लिहिले. ते पत्र तिकडच्या एका मासिकात छापून आले. न्यू जर्सीमधल्या रोझेल गावच्या कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसल्या होत्या. तिथे त्यांनी ते मासिक सहज चाळले आणि त्यात हे पत्र वाचले. त्यांना आनंदीबाईंचा कळवळा आला आणि त्यांनी आपणहून पत्र पाठवले. मग दोघींची पत्रापत्री सुरू झाली. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. कधी तोंड पाहिले नाही, तरी मावशी! अशी जाण्याची तयारी आधी पत्रांनीच सुरू झाली. परगावी आपले एक तरी माणूस पाहिजे, हे माझी माय पण सांगते.

दोघांनी मिळून जाणे काही जमेना. शेवटी गोपाळरावांनी ठरवले की आनंदीबाईंनी एकटीनेच पुढे जावे. तेव्हा त्या कलकत्त्याजवळ श्रीरामपूर गावी राहत होत्या. तब्येत बरी नव्हती. डोके दुखायचे, ताप यायचा, दम लागायचा. त्यात लोक नावे ठेवू लागले. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असे तेव्हा मानत. बाईमाणूस एकटी परदेशी जाते म्हणजे काय, असे लोक विचारू लागले.

आनंदीबाई रडत बसल्या नाहीत. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांनी श्रीरामपूरच्या कॉलेजात सगळ्यांसमोर उभे राहून इंग्रजीत भाषण केले. आपण का जातो, एकटी का जातो, सगळे सांगितले. आपल्या देशात बाई डॉक्टरची फार गरज आहे हे सांगितले. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ असेही सांगितले. तेव्हा त्यांना अठरा वर्षे सुद्धा पुरी झाली नव्हती. मला तर प्रार्थनेच्या वेळी पुढे उभे राहून सुविचार सांगायचा म्हटले तरी पाय कापतात. ते भाषण वर्तमानपत्रातून लोकांना कळले आणि काही लोकांनी मदतीचे पैसे पाठवले. तरी खर्च मोठा होता. आनंदीबाईंनी आपल्या सोन्याच्या बांगड्या विकल्या. दागिना विकून बाईने शाळा शिकायला जाणे, हे मी दुसरे कुठे ऐकले नाही.

त्यांनी बरोबर काय घेतले ते गुरुजींनी सांगितले. आपल्या साड्या घेतल्या. तिकडे गेल्यावर मडमेचा झगा घालायचा नाही आणि मांस खायचे नाही हे पक्के ठरवले. म्हणजे सामानात साड्या आणि मनात निश्चय, असे दोन्ही बांधून घेतले.

७ एप्रिल १८८३ रोजी सिटी ऑफ कलकत्ता या जहाजाने त्या निघाल्या. बरोबर ओळखीच्या इंग्रज बायका होत्या, पण घरचे कोणी नव्हते. ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. मी कॅलेंडरवर मोजले. ५८ दिवस होतात. कार्पेंटर मावशी बंदरावर न्यायला आल्या होत्या.

मग आनंदीबाई फिलाडेल्फिया शहरातल्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात शिकू लागल्या. तिकडे थंडी फार. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्या गुजराती तऱ्हेने साडी नेसू लागल्या. पण साडी सोडली नाही. खोलीत शेगडीचा धूर व्हायचा. जेवणाचे हाल व्हायचे. तब्येत खालावत गेली, तरी शिकणे सोडले नाही. आमच्या पुस्तकात त्यांचा एक फोटो आहे. तो १० ऑक्टोबर १८८५ चा आहे. त्यात एक जपानची बाई, एक सिरिया देशाची बाई आणि आपल्या आनंदीबाई बसल्या आहेत. तिघींनी आपापल्या देशाचे कपडे घातले आहेत.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई सुद्धा हजर होत्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. १८८६ च्या शेवटी त्या परत आल्या. पण त्यांना क्षयरोग झाला होता. कोल्हापूरला जाऊन काम करायचे राहूनच गेले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्याला त्या वारल्या. तेव्हा बावीस वर्षे सुद्धा पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी अमेरिकेला कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या आणि मावशींनी त्या आपल्या घराण्याच्या स्मशानभूमीत ठेवल्या. शुक्र ग्रहावरच्या एका मोठ्या खड्ड्याला आता आनंदीबाईंचे नाव दिले आहे. शुक्राची चांदणी आमच्या अंगणातून दिसते.

गुरुजींनी हे सांगितले तेव्हा वर्गात सगळे गप्प बसले होते. एक मुलगा म्हणाला की एवढे करून काय उपयोग झाला, एकही पेशंट तपासला नाही. पण मला तसे वाटत नाही. त्यांनी वाट दाखवली. आमच्या दवाखान्यात आता बाई डॉक्टर येतात, तेव्हा कोणी नवल करत नाही.

आता आमच्या घरचे सांगते. गाठोड्यात दोन कोयते, तवा, पातेले, बाजरीचे पीठ, मिठाची पुडी, तीन गोधड्या आणि ताडपत्री एवढे आहे. ट्रॅक्टर आला की निघायचे. गेल्या वर्षी मी पण गेले होते. माय आणि बाबा पहाटे फडात जायचे आणि मी कोपीवर लहान भावाला सांभाळायची. परत आले तेव्हा भागाकार सगळा विसरले होते. या वर्षी पण मायने माझे दोन फ्रॉक गाठोड्यात टाकले होते.

परवा रात्री हे लिहिलेले मी मायला आणि आजीला वाचून दाखवले. माय काहीच बोलली नाही, भाकरी थापत राहिली. काल शाळेतून आले तर गाठोडे सोडलेले होते. माझे फ्रॉक आजीच्या पेटीत ठेवलेले दिसले. आजी म्हणाली की तू आता माझ्यापाशी राहायचं आणि शाळेत जायचं. मला आनंद झाला. पण रडू पण आलं, कारण भाऊ त्यांच्यासंगं जाणार आहे आणि तिथं त्याला कोण बघणार? मी माझी पाटी आणि पेन्सिल त्याच्यासाठी गाठोड्यात ठेवली आहे. त्याला अजून लिहिता येत नाही, पण रेघोट्या ओढील.

मुलांनो, आपण पण आनंदीबाईंसारखे धीराने शिकले पाहिजे. अशा या थोर स्त्रीला माझे शतशः प्रणाम.

एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, टेंभुर्णी