‘कॅलिप्सो’ची मेंढपाळीण

पाठीवरील सिलिंडरमधील हवेवर श्वास घेत समुद्रात उतरणाऱ्या पहिल्या महिलांमध्ये सिमोन कुस्तो यांचे नाव घेतले जाते. १९१९ मध्ये फ्रान्समधील तूलाँ येथे नौदलाची परंपरा असलेल्या मेल्शियोर घराण्यात त्यांचा जन्म झाला. १९३७ मध्ये नौदल अधिकारी झाक कुस्तो यांच्याशी त्या विवाहबद्ध झाल्या. त्यांचे वडील ‘एअर लिकिड’ या वायूनिर्मिती कंपनीत उच्च पदावर होते. त्यांच्यामुळेच झाक यांची अभियंता एमिल गान्याँ यांच्याशी गाठ पडली आणि १९४३ मध्ये ‘अ‍ॅक्वालंग’ साकारले. पहिल्या चाचणीवेळी सिमोन मुखवटा लावून पृष्ठभागावरून पतीवर लक्ष ठेवून होत्या. पुढे त्यांनीही ते उपकरण पाठीवर बांधले.

स्त्रियांसाठी वेगळा हार्नेस तेव्हा नव्हता. पट्टे सैल राहिल्यास सिलिंडर डोलते, फार आवळल्यास श्वास कोंडतो. आजच्या महिलांच्या हार्नेसची पाठ आखूड असते आणि खांद्याचे पट्टे छातीच्या कडेने वळविलेले असतात.

‘कॅलिप्सो’ या संशोधन नौकेसाठी सिमोन यांनी दागिने विकले. खलाशी त्यांना आपली मेंढपाळीण म्हणत. १९६३ मध्ये सुदाननजीक तांबड्या समुद्रातील सागरतळावरच्या घरात त्यांनी पाऊल ठेवले. कॅमेऱ्यापासून मात्र त्या कायम दूर राहिल्या.

१ डिसेंबर १९९० रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी समुद्रातच विसर्जित करण्यात आल्या.