हेन्रिक शोग्रेन: कोरड्या डोळ्यांमागचा आजार ओळखणारे डॉक्टर

बुलढाणा जिल्ह्यात ज्वारीची भाकरी रोजची. पन्नाशीची एखादी बाई सांगते की आता घासागणिक पाण्याचा घोट घ्यावा लागतो. घरचे म्हणतात उन्हाळा आहे, वय झाले. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते म्हणून ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाते, दात किडले म्हणून दातांच्या आणि सांधे दुखतात म्हणून हाडांच्या. तिन्हीकडे औषध मिळते. पण तिन्ही तक्रारींचे मूळ एकच असू शकते, हे बऱ्याचदा राहून जाते. हे मूळ ओळखायला शिकवले ते स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी.

एका रुग्णापासून सुरुवात

शोग्रेन यांचा जन्म २३ जुलै १८९९ रोजी झाला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले आणि पुढे ते डोळ्यांच्या विभागात काम करू लागले. १९३० च्या सुमारास त्यांच्याकडे एक मध्यमवयीन बाई आली. डोळे कोरडे, तोंड कोरडे आणि सांधे सुजलेले. डोळ्यांत थेंब घालून तिला परत पाठवता आले असते. शोग्रेन यांनी मात्र तिचे तोंड आणि सांधेही लक्षात घेतले आणि अशा आणखी रुग्णांचा शोध सुरू केला.

अशा तक्रारी आधीही नोंदल्या गेल्या होत्या. १८८८ मध्ये मिकुलिच या शल्यविशारदांनी एका शेतकऱ्याच्या अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथी सुजल्याचे मांडले होते. पण विखुरलेल्या खुणा एका आजारात गुंफण्याचे काम शोग्रेन यांचे. १९३३ मध्ये त्यांनी १९ स्त्रियांचा अभ्यास प्रबंधरूपाने मांडला. त्यांतल्या बहुतेकींना संधिवातही होता. रोज बंगाल नावाच्या रंगाने त्यांनी कोरड्या डोळ्यांवरची इजा दाखवली आणि ग्रंथींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले.

ग्रंथीत काय घडते?

त्या तुकड्यांत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची गर्दी होती. या पेशी जंतूंपासून आपले रक्षण करतात. या आजारात मात्र कुंपणच शेत खाते. लाळ वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांभोवती टी-पेशी आणि बी-पेशी घोळक्याने जमतात. सूज आणणारी रसायने सोडून त्या लाळ तयार करणाऱ्या पेशींना दुबळे करतात आणि हळूहळू नष्टही करतात. बी-पेशी शरीराच्याच घटकांविरुद्ध प्रतिपिंडे बनवतात. रक्ततपासणीत दिसणारी रो आणि ला ही त्यांचीच नावे.

आज खालच्या ओठाच्या आतून बारीक लाळग्रंथी काढून तपासतात. ५० किंवा अधिक लिम्फोसाइटचा एक घोळका म्हणजे एक केंद्र. ४ चौरस मिलिमीटरमध्ये असे किमान एक केंद्र आढळले, तर निदानाला बळकटी मिळते.

उशिरा मिळालेला मान

इतके मोलाचे काम असूनही प्रबंधाला विद्यापीठातील अध्यापनपदासाठी लागणारी श्रेणी मिळाली नाही. शोग्रेन राजधानी सोडून योनशोपिंग या गावच्या रुग्णालयात गेले. तिथे त्यांनी नेत्रविभाग सांभाळला आणि कॉर्निया प्रत्यारोपणाचे कामही केले. प्रबंध जर्मन भाषेत होता. १९४३ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ ब्रूस हॅमिल्टन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि आजाराला शोग्रेन यांचे नाव जगभर मिळू लागले. १९५३ मध्ये मॉर्गन आणि कॅसलमन यांनी दाखवले की मिकुलिच यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारात आणि यात ग्रंथींचे चित्र सारखेच दिसते. स्वीडन सरकारने १९६१ मध्ये शोग्रेन यांना प्राध्यापक ही पदवी दिली. प्रबंधाला तोवर २८ वर्षे झाली होती. १७ सप्टेंबर १९८६ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपण काय लक्षात ठेवावे?

- डोळे आणि तोंड तीन महिन्यांहून अधिक काळ कोरडे राहत असतील, तर दोन्ही तक्रारी एकाच डॉक्टरांना सांगा. सांधेदुखी आणि थकवाही सांगा.
- मधुमेह आणि काही औषधांमुळेही तोंड कोरडे पडते. चालू गोळ्या सोबत न्या, पण स्वतःहून बंद करू नका.
- हा आजार मुळापासून बरा होत नाही. तरी कृत्रिम अश्रू, फ्लोराइड, लाळ वाढवणाऱ्या गोळ्या आणि सांध्यांवरील औषधे यांनी त्रास बराच कमी होतो. तंबाखू, सुपारी टाळा.
- कानाखालची गाठ टिकून राहिली किंवा वाढत गेली, तर लगेच दाखवा. थोड्या रुग्णांत पुढे लिम्फोमा हा कर्करोग होतो.
- रो प्रतिपिंडे असलेल्या स्त्रीने गरोदरपणात डॉक्टरांना आधीच सांगावे. बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावे लागते.

बायोप्सीसाठी गावातून अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरला जावे लागेलही. पण त्याआधी कोणीतरी तिन्ही तक्रारी एकत्र ऐकायला हव्यात. शोग्रेन यांनी नेमके तेच केले होते.