अंगणातील शाळा

महाराष्ट्राच्या किनारपट्टीच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेजवळ डहाणू हा तालुका आहे. एका बाजूला अरबी समुद्र आणि चिकूच्या बागा, तर दुसऱ्या बाजूला सह्याद्रीकडे चढत जाणारे जंगल, अशी त्याची ठेवण आहे. जंगलपट्टीतील पाड्यांवर प्रामुख्याने वारली आदिवासींची वस्ती आहे. याच तालुक्यात कोसबाद नावाची एक टेकडी आहे. पुण्यातील एका नामांकित शाळेची नोकरी सोडून आलेल्या एका शिक्षिकेने या टेकडीवर आयुष्याची अखेरची सुमारे पस्तीस वर्षे काढली. ज्या मुलांशी शाळेच्या भाषेत आजवर कोणी बोललेच नव्हते, त्यांना बोलते करणे आणि त्यांच्याशी बोलणारी माणसे तयार करणे हे तिचे काम होते. त्या शिक्षिकेचे नाव अनुताई वाघ.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. त्यांचे मूळ नाव अनुसूया. त्या काळच्या रूढीप्रमाणे १९२३ साली, वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचे लग्न लावून देण्यात आले आणि अवघ्या सहा महिन्यांत त्यांना वैधव्य आले. संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच तो संपला होता. बालविधवेने घराच्या एका कोपऱ्यात उरलेले आयुष्य कंठावे, असाच तेव्हाच्या समाजाचा दंडक होता. सुदैवाने अनुताईंचे शिक्षण थांबले नाही. १९२५ साली त्या व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे त्या वेळची मराठी सातवीची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पुढे पुण्यात अध्यापनाचे शिक्षण घेऊन १९२९ पासून चार वर्षे त्यांनी नाशिक जिल्ह्यात चांदवड भागात शिक्षिकेचे काम केले.

१९३३ मध्ये त्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेत रुजू झाल्या. १८८४ साली मुलींसाठी स्थापन झालेल्या या शाळेला पुण्यात मोठा मान होता. तेथे बारा वर्षे शिकवत असताना अनुताई स्वतःही शिकत राहिल्या. दिवसा वर्गात उभे राहून शिकवायचे आणि संध्याकाळनंतर रात्रशाळेच्या बाकावर जाऊन बसायचे, असा त्यांचा क्रम होता. १९३७ साली, सत्ताविसाव्या वर्षी त्या मॅट्रिक झाल्या. पोटापाण्याची सोय झाली होती, गावात ओळख झाली होती. पुण्यातच राहिल्या असत्या तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती.

परंतु १९४५ साली एक योग आला. कस्तुरबा गांधी यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या ट्रस्टने मुंबईजवळ बोरिवली येथे ग्रामसेविकांचे प्रशिक्षण शिबिर भरवले होते. अनुताई त्या शिबिराला गेल्या आणि तेथे त्यांची भेट ताराबाई मोडक यांच्याशी झाली. ताराबाई त्या वेळी पन्नाशी ओलांडलेल्या, बालशिक्षणात नावाजलेल्या विदुषी होत्या. गुजरातमधील भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात त्यांनी अनेक वर्षे काम केले होते आणि १९३६ साली मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले होते. तरीही त्यांचे समाधान झालेले नव्हते. मारिया माँटेसरी यांनी आपली पद्धती १९०७ साली रोममधील एका गरीब वस्तीत सुरू केली होती; भारतात मात्र ती बव्हंशी शहरातील सुखवस्तू घरांपुरतीच राहिली होती. ती खेड्यात न्यावी, शेतमजुराच्या मुलाला तिचा लाभ मिळावा, असे ताराबाईंना वाटत होते. या कामासाठी त्यांना एक सहकारी हवी होती, ती अनुताईंच्या रूपाने मिळाली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्राची स्थापना झाली आणि अनुताई तेथे राहायला गेल्या.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण ज्यांच्यासाठी ती काढली होती ती मुले तेथे येत नव्हती. गावकुसाबाहेरील दलित वस्तीतील आईबाप पहाटेच कामाला जात. मुलाला न्हाऊमाखू घालून, स्वच्छ कपडे नेसवून गावातील शाळेत पोहोचवायला घरी कोणी नसे. शिवाय गावात आपले मूल कसे वागवले जाईल, ही धास्तीही असे. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेनेच मुलांकडे जावे, हा ताराबाईंचा विचार येथे कृतीत उतरला. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. कोणाच्या तरी घरासमोरचे अंगण झाडून घ्यायचे, मुलांना गोळा करायचे, त्यांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. अंगणात भरणारी ही वाडी म्हणून तिला अंगणवाडी हे नाव मिळाले. माँटेसरी पद्धतीतील विकतची महागडी साधने येथे परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शंख, शिंपले, चिंचोके, पाने, काटक्या आणि बांबूचे तुकडे आले, आणि मुलांच्या ते अधिक परिचयाचे होते.

यापुढचा टप्पा अधिक अवघड होता. १९५६-५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर हलवण्यात आले. कोसबादच्या आसपासचे वारली पिढ्यान्‌पिढ्या जमीनदार आणि सावकार यांच्या जाचाखाली पिचलेले होते. वेठबिगारीविरुद्ध त्यांनी उभारलेला लढा १९४५ सालचाच. गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली तो याच परिसरात झाला होता. अशा समाजाचा पांढरपेशा माणसावर चटकन विश्वास बसणे शक्य नव्हते. शाळेतील माणूस दिसला की मुले झाडीत पळून जात. वर्गात येऊन बसलेले मूलही तोंडातून शब्द काढत नसे. आदिवासी मुले मंद असतात, त्यांना बोलता येत नाही, असा ग्रह त्या काळी सुशिक्षितांत सर्रास आढळे.

वस्तुतः ते मूल मुके नव्हते. पाड्यावर ते अखंड बोलत होते. रानातील झाडे, पाखरे, ओढ्यातील खेकडे, तारप्याच्या तालावरचा नाच यांविषयी त्याच्याजवळ भरपूर शब्द होते. ते शब्द वारली बोलीतील होते आणि शाळा प्रमाण मराठीत बोलत होती, एवढाच काय तो प्रश्न होता. समोरचा माणूस अनोळखी आणि त्याची भाषाही अनोळखी असेल, तर तीन वर्षांचे मूल गप्प बसण्यापलीकडे काय करणार? पुण्याच्या मराठीत वाढलेल्या शिक्षिकेला हे उमगायला वेळ लागला असल्यास त्यात नवल नाही. अनुताईंनी मुलांना गप्प करणारी भाषा बाजूला ठेवली. त्या पाड्यांवर हिंडल्या, बायकांच्या ओळखी करून घेतल्या आणि त्यांची बोली समजून घेऊ लागल्या. बालवाडीचा आरंभ मुलाच्या घरच्या शब्दांनी व्हावा आणि प्रमाण मराठी गाण्यांतून, गोष्टींतून हळूहळू यावी, ही दिशा त्यातून ठरली.

मात्र एका अनुताईंनी किती पाड्यांवर जावे? वाड्या दूरदूर पसरलेल्या, पावसाळ्यात ओढे भरले की वाट बंद होई. शहरातून प्रशिक्षित शिक्षिका आणून नेमावी, तर ती रानात टिकत नसे आणि टिकलीच तरी मुलांची बोली तिला येत नसे. तेव्हा परिसरातील मुलींनाच बालसेविका म्हणून तयार करावे, या कामावर संस्थेने भर दिला. यांतील बऱ्याच मुलींचे शिक्षण थोडेच झालेले असे. एवढ्याशा शिक्षणावर त्या काय शिकवणार, अशी शंका घेणारे पुष्कळ होते. अनुताईंची दृष्टी वेगळी होती. स्वतः त्याही सातवीच्या बळावर शिक्षिका झाल्या होत्या. लहान मुलाला पदवीचे काय होय? त्याला आपले बोलणे ऐकून घेणारे, त्याला उत्तर देणारे मायेचे माणूस लागते.

प्रशिक्षणाचा बराचसा भाग वर्गात बसून होण्यासारखा नव्हता. सेविकेला मुलांत वावरावे लागे. मुलाला आंघोळ घालताना हात, पाय, कान, पाणी यांची नावे सहज उच्चारली गेली की ते शब्द त्याच्या कानावरून जातात आणि पुढे केव्हा तरी त्याच्या ओठांवर येतात. मूल अडखळले तर त्याचे वाक्य आपण पुरे करायचे नाही, थांबायचे. चुकले तर सर्वांसमोर दुरुस्त करायचे नाही; तोच शब्द आपल्या बोलण्यात नीट आला की पुरे. गाणे हावभावांसह म्हणायचे, म्हणजे शब्द कळला नाही तरी अर्थ कळतो. गोष्ट वाचून दाखवण्याऐवजी सांगायची, आणि मुलाने हट्ट धरला तर तीच पुन्हा सांगायची. ही कामे सांगायला सोपी वाटतात. आयुष्यभर मान खाली घालून वावरलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला चारचौघांत अभिनय करून गाणे म्हणायला लावणे किती कठीण असते, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. सेविकेची भीड चेपल्याखेरीज मुलाची चेपणार नव्हती. म्हणून मुलांच्या आधी या मुलींना बोलते करावे लागे.

आणखी एक अडचण होती. पाड्यावर धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम बहुधा आठ-नऊ वर्षांच्या बहिणीकडे असे. तान्हे मूल कमरेवर घेऊन ती दिवसभर फिरे, त्यामुळे तिची शाळा बुडे. कोसबादच्या विकासवाडीत यावर एक साधा तोडगा काढण्यात आला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवण्यात आली. धाकटे भावंड पाळणाघरात, त्याच्यापुढचे बालवाडीत आणि बहीण आपल्या वर्गात. सुट्टीत ती भावंडाकडे डोकावे. लहानग्याशी सेविका कशी बोलतात, रडते मूल शब्दांनी कसे समजावतात, हे तिच्या नजरेस पडे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेण्यात आली. ती कुरणशाळा म्हणून ओळखली जाऊ लागली.

या सर्व धामधुमीत अनुताईंनी स्वतःचे शिक्षण सोडले नव्हते. १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्या पदवीधर झाल्या. आपला अनुभव इतर सेविकांना उपयोगी पडावा म्हणून त्यांनी लेखनही केले. बालवाडी कशी चालवावी हे त्यांचे पुस्तक आणि कोसबादच्या टेकडीवरून हे आत्मचरित्र यांचा त्यात प्रामुख्याने उल्लेख करावा लागेल. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले आणि संस्थेची सगळी धुरा अनुताईंवर आली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव दिले. बोर्डीच्या वस्तीत रुजलेला हा शब्द आता भारतातील प्रत्येक राज्यात पोहोचला असून अंगणवाड्यांची संख्या तेरा लाखांहून अधिक झाली आहे. नाव जितक्या वेगाने पसरले तितक्या वेगाने त्यामागची पद्धत पसरली, असे मात्र म्हणता येत नाही. पोषण आहार, वजने, लसीकरण आणि नोंदवह्या यांत सेविकेचा दिवस सरतो. ही कामे आवश्यकच आहेत, पण मुलाशी निवांत बोलत बसण्याची वेळ बहुधा त्यांतूनच कापली जाते. कोसबादला बोलणे हेच मुख्य काम मानलेले होते.

अनुताईंना ऐंशीच्या दशकात पद्मश्री हा किताब आणि जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. या मानसन्मानांनंतरही त्यांचा मुक्काम टेकडीवरच राहिला. २७ सप्टेंबर १९९२ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे २०१४ साली डहाणू तालुका ठाणे जिल्ह्यातून नव्या पालघर जिल्ह्यात गेला. कोसबादच्या टेकडीवरील संस्थेचे काम अनुताईंच्या पश्चातही चालू राहिले.