यमुनेला दुसरे आयुष्य देणारे बाबा पद्मनजी



नोव्हेंबर महिन्यात आपण कबरस्थानात जातो, मेणबत्त्या लावतो, आपल्या मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो. त्या गर्दीत ऐन तिशीत नवरा गमावलेली एखादी बहीणही उभी असते. दोन-तीन वर्षांनी तिने पुन्हा लग्नाचा विचार बोलून दाखवला, तर आपल्यातलेच काही जण नाक मुरडतात. खरे तर जोडीदार वारल्यावर दुसरा विवाह करण्यास ख्रिस्तसभेची आडकाठी नाही. मराठीतील पहिली मानली जाणारी कादंबरी याच प्रश्नाभोवती फिरते आणि ती एका ख्रिस्ती तरुणाने लिहिली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

त्यांचे नाव बाबा पद्मनजी. १८३१ साली बेळगावात, कासार समाजातील एका धार्मिक हिंदू घरात त्यांचा जन्म झाला. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकताना पवित्र शास्त्राची ओळख झाली. पुढे शिक्षणासाठी ते मुंबईला आले. तेथे जातिभेद न मानणाऱ्या सुशिक्षितांची परमहंस सभा होती. बाबा तिचे सभासद झाले. पण तिचे सारे कामकाज गुप्त चाले. आत एकत्र बसून जेवायचे आणि बाहेर पडल्यावर जातीचे नियम पाळायचे! अशा लपवाछपवीत बाबांसारख्या माणसाचे समाधान होणे कठीणच होते.

ख्रिस्तावर विश्वास बसला तरी तो उघड करायला त्यांना वेळ लागला. घर, आईवडील, जात, सारेच पणाला लागणार होते. अखेर ३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगावातच त्यांनी स्नानसंस्कार घेतला. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. आईवडिलांचा मुलगा जिवंत होता, पण जातीच्या दृष्टीने तो गेल्यासारखाच. हे सारे त्यांनी पुढे ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात लिहून ठेवले. बाबा कॅथलिक नव्हते, स्कॉटलंडच्या मिशनशी संबंधित प्रॉटेस्टंट होते. तरी मराठी ख्रिस्ती माणसाने फादर स्टीफन्स यांच्यानंतर त्यांचे नाव विसरू नये, असे मला वाटते.

१८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. त्याच वर्षी कल्याणपासून आपल्या बदलापूरमार्गे खोपोलीपर्यंत आगगाडी धावू लागली. गाडी लोकांनी लवकर स्वीकारली, कायदा मात्र कागदावरच राहिला. विधवेचे केशवपन, एकवेळचे जेवण, घरातला कोपरा, सारे पूर्वीसारखेच चालू होते. अशा वेळी, १८५७ मध्ये, बाबांनी ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केले.

यमुना आणि विनायक हे तरुण जोडपे. दोघेही मनाने ख्रिस्ताकडे वळलेले, पण उघडपणे नाही. दोघे प्रवासाला निघतात आणि जागोजागी त्यांना विधवा भेटतात. कुणाला घरच्यांनी छळलेले, कुणाला फसवलेले. यमुना परक्याच्या दुःखाकडे पाहते आहे असे वाटत असतानाच ते तिच्या दारात येते. विनायक मरण पावतो. मरण्यापूर्वी तो ख्रिस्ताचा स्वीकार करतो. आता यमुनेचेही केस काढायची वेळ येते. ती त्या घरातून निघून जाते, स्नानसंस्कार घेते आणि कालांतराने एका ख्रिस्ती तरुणाशी विवाह करते.

कादंबरी म्हणून तिच्यात उणिवा आहेत. पात्रे मध्येच प्रवचनाला लागतात आणि वाचक थकतो. पण लेखकाला विश्वास लपवून जगण्याचे ओझे माहीत होते, हे यमुनेच्या बाबतीत जाणवते. विशेष म्हणजे तिच्या श्रद्धेमुळे तिचा नवरा वाचत नाही. तिची प्रार्थना ऐकून चमत्कार होत नाही. तिला रडावे लागते, घर सोडावे लागते, आणि मगच पुढचे दार उघडते. तीसहून अधिक वर्षांनी हरि नारायण आपटे यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिली. योगायोग असा की त्यांच्याही नायिकेचे नाव यमुना. तिचे केशवपन जबरदस्तीने होते आणि ती मरते. आपट्यांची कादंबरी कलेच्या दृष्टीने कितीतरी सरस आहे, यात वाद नाही. पण बाबांनी आपल्या यमुनेला जगवले, आणि तिने पुन्हा संसार थाटला तर त्यात पाप मानले नाही.

पुढे बाबांनी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्ती तयार केली. १८६७ मध्ये पाळकपदाची दीक्षा घेऊन काही वर्षे पुण्यात सेवा केली. त्यानंतर मुंबईत राहून लेखन आणि संपादन केले. लहानमोठी मिळून त्यांची पुस्तके शंभराच्या घरात जातात.

२९ ऑगस्ट १९०६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तोपर्यंत पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाला सतरा वर्षे झाली होती. स्वतः विधवा असलेल्या रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमात तेव्हा शेकडो निराधार स्त्रिया आणि मुली राहत होत्या, लिहायला-वाचायला शिकत होत्या.