बर्फावरील झुंजार गडी

कॅनडा देशाच्या सस्कॅचवान प्रांतात हिवाळा मोठा कडक असतो. तेथील तळी गोठून दगडासारखी कठीण होतात आणि गावोगावची मुले त्यांवर बर्फावरची हॉकी खेळू लागतात. या खेळात दोन्ही बाजूंचे सहा-सहा गडी बुटांना पोलादी पाती लावून वाऱ्याच्या वेगाने घसरत जातात आणि रबराची एक चपटी चकती काठीने प्रतिपक्षाच्या जाळ्यात मारतात. गडी एकमेकांवर आदळतात, पडतात, रक्तबंबाळही होतात. अशा या दांडग्या खेळात ज्याच्या नावाचा दरारा होता, तो गडी म्हणजे एडी शोअर.

एडीचा जन्म १९०२ साली झाला. वडिलांच्या विस्तीर्ण शेतावर घोडे वठणीवर आणणे, धान्य वाहून नेणे अशी कष्टाची कामे करीत तो वाढला. १९२६ साली तो अमेरिकेतील बोस्टन ब्रुइन्स या व्यावसायिक संघात दाखल झाला. तो बचावाचा गडी; पण संधी मिळताच चकती घेऊन थेट प्रतिपक्षाच्या गोटात घुसे. १९२९ च्या जानेवारीत मॉन्ट्रियलला जाणारी आगगाडी चुकली, तेव्हा तो हिमवादळातून रात्रभर मोटारीने प्रवास करून तेथे पोहोचला. त्या सामन्यातील एकमेव गोल त्यानेच केला! त्याच वर्षी बोस्टनने मानाचा स्टॅन्ली चषक प्रथमच जिंकला.

परंतु एडीचा राग त्याच्या बळाइतकाच मोठा होता. १२ डिसेंबर १९३३ रोजी बोस्टन येथे टोरोंटोच्या संघाशी सामना चालू होता. एका गड्याने पाडल्यामुळे एडी संतापला आणि उठताच त्याने समोर दिसलेल्या अर्विन बेलीला पाठीमागून जोराची धडक दिली. बेलीचे डोके बर्फावर आपटून कवटी फुटली. अनेक दिवस तो मृत्यूशी झगडत होता. दोन शस्त्रक्रियांनंतर त्याचे प्राण वाचले. पण त्याचा खेळ कायमचा संपला. एडीवर १६ सामन्यांची बंदी आली.

१४ फेब्रुवारी १९३४ रोजी बेलीच्या साहाय्यार्थ टोरोंटोत एक खास सामना झाला. इतर संघांतील निवडक गड्यांबरोबर एडीही तेथे आला. प्रेक्षक बेलीच्या गावचे. ते एडीचे स्वागत कसे करतील, याची सर्वांनाच धास्ती होती. सारे क्रीडागृह श्वास रोखून पाहत होते. एडी समोर येताच बेलीने आपला हात पुढे केला. दोघांचे हात मिळाले आणि टाळ्यांचा प्रचंड कडकडाट झाला.

त्यानंतर एडी डोक्यावर संरक्षक टोपी घालून खेळू लागला. त्या काळी फारच थोडे गडी ती घालीत. सर्वोत्तम खेळाडूचे हार्ट पारितोषिक त्याने चार वेळा मिळविले. त्यांपैकी तीन वेळा या घटनेनंतर. पुढे स्प्रिंगफील्ड संघाचा मालक झाल्यावर मात्र त्याच्या कडक वागणुकीला कंटाळून खेळाडूंनी संप केला. स्वभाव जिंकणे सामना जिंकण्याहून कठीण असते!

१९८५ साली एडी निवर्तला. त्याच्या पराक्रमाच्या कथा आजही सांगितल्या जातात. पण त्यांबरोबरच आठवतो तो बेलीचा पुढे झालेला हात. त्या दिवशी बर्फावरचा खरा बलवान तोच होता.